मावशीचा डोंगर

आधीच बजावून ठेवतो, चहाचा घोट तोंडात असताना हसायचं नाही. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तर समोरच्यानं माझा पांढरा शर्ट रंगवला होता. आणि मी इतका शहाणा माणूस, मी अशी माती खाल्ली यावर तुमचा विश्वासही बसणार नाही. बसला? इतक्या लवकर? बरं, ऐका तर.

मी मूळचा बाळापूरचा. आमच्याकडं जमीन म्हणजे नुसती काळी माती. कुत्र्याला हाकलायला दगड हवा तर शोधत फिरावं लागतं! असल्या गावातला पोरगा भूगर्भशास्त्र शिकला तो काहून? मावशीमुळं. मावशीचं सासर परतवाड्याच्या पुढं, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडं गेलं की नाल्यात दगडच दगड. तांबडे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. मी ते खिशात कोंबून आणायचो आणि मावशी मला बह्याड, म्हणजे वेडा, ठरवून धुण्याच्या वेळी खिसे उलटे करत ओरडायची, "अबे गजू, दगडं खाऊन जगतं का रे तू?"

घ्या! पुढं दगडांवरच पोट भरायला लागलो की नाही?

शिक्षण अमरावतीला झालं आणि नैसर्गिक वायू शोधणाऱ्या एका कंपनीत लागलो. आता तुम्ही विचारणार, गॅस जमिनीखाली, मग तू वर उन्हात दगड काय मोजत फिरतोस? अहो, खाली भोक पाडणं म्हणजे खेळ आहे का? आधी वरून अदमास घ्यावा लागतो. वाळूच्या खडकाला बारीक बारीक छिद्रं असतात, गॅस त्यांतून वर वर सरकत राहतो. वर घट्ट खडकाचं झाकण असेल आणि थर उपड्या कढईसारखे फुगलेले असतील, तर तो तिथं अडकतो. आपल्या वऱ्हाडात हा वाळूचा खडक काळ्या पाषाणाखाली दडलाय, पण सातपुड्याच्या पायथ्याशी कुठं कुठं डोकं वर काढतो. तिथं जायचं, थर कोणत्या दिशेला कललाय ते होकायंत्रावर बघायचं, नकाशावर मांडायचं. त्यावरून जमिनीला हादरे देऊन तपासणाऱ्या मोठ्या गाड्या कुठं न्यायच्या, ते ठरतं.

तर एका हिवाळ्यात मला पहिल्यांदा स्वतंत्र काम मिळालं, आणि तेही कुठं? मावशीच्याच गावाच्या आसपास! आमचे साहेब पटवर्धन, पुण्याचे. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "गजानन, हा नकाशा नीट झाला तर पुढची सगळी मोहीम तुमच्याकडे. नाही झाला, तर मुंबईच्या कार्यालयात कागदांना टाचण्या लावायची फार गरज आहे."

मुक्काम अर्थातच मावशीकडं. काका गेलेले, मुलगी पुण्यात. घरात एकटी. मला पाहून तिनं चुलीवर पाणी, अंगणात खाट, संत्र्याची टोपली, सगळं एकदम मांडलं. म्हणाली, "कंपनीचं काम निंघालं तर तू इथंच रायशीन ना मंग?" तिच्या आवाजात असं काही होतं, की माझ्या टाचण्यांपेक्षा मला तिचीच काळजी जास्त लागली.

पहिले काही दिवस उत्तरेकडच्या टेकड्यांवर गेले. सगळे थर शिस्तीत उत्तरेला कललेले. चांगलं, पण बेचव. मग एका संध्याकाळी मावशी बहिरमच्या जत्रेतून आली आणि माझा डावा हात धरून मनगटात एक जाड कडं सरकवलं.

"हे काय वं मावशी?"

"बीपीचं कडं हाय. तुह्या मायचा फोन आलता, तुह्यं बीपी वाढलं म्हने. काढू नोको, सांगून ठेवतो तुले."

मावशीपुढं बोलायची कोणाची टाप? घातलं. वर स्वेटरची बाही, विसरूनही गेलो.

दुसऱ्या दिवसापासून चमत्कार! नाल्याकाठचे थर कधी ईशान्येला, कधी आग्नेयेला, संत्र्याच्या बागेपलीकडं तर थेट नैर्ऋत्येला. डोळ्यांना सगळं पहिल्यासारखंच दिसत होतं, पण होकायंत्र म्हणतंय फिरलं, तर फिरलं! मी तरी गाफील राहिलो का? छे! खात्री म्हणून मोबाईलवरची दिशाही पाहिली. तीसुद्धा जुळली! (मोबाईल कोणत्या हातात होता ते विचारू नका.)

संध्याकाळी नकाशावर मांडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. थर चारी बाजूंनी बाहेर कललेले. उपडी कढई! गॅस अडकायला याहून झकास जागा देवानं केली नसती. आणि कढईचा मधला फुगा बरोब्बर मावशीच्या शेजारच्या बबनभाऊंच्या संत्र्याच्या बागेखाली.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "जपून. पुन्हा तपासा." पुन्हा तपासलं. कढई आणखी सुबक निघाली!

मग तोंडाला कुलूप लावावं की नाही? पण मी पडलो बाळापूरचा. मावशीला सांगितलं. मावशीला सांगणं म्हणजे गावच्या भोंग्यावरून सांगणं. सकाळी बबनभाऊ दारात.

"गजूभाऊ, माह्या बागेखाली गॅस हाय म्हन्ते?"

"असू शकतो, भाऊ."

"मंग संत्र्याले वास येईन का त्याचा?"

"नाही हो!"

"मले कायचं ठाऊक? आन् बिडी ओढू का नको बागेत?"

मी हसलो. पण बबनभाऊंनी त्या दिवसापासून बिडी विझवून मगच बागेचं फाटक उघडायला सुरुवात केली. आणि मावशीनं तर कहरच केला. सिलिंडर संपला, तर नवा नोंदवेचना!

"काहून वं?"

"काहून नोंदवू? घरचा येऊन रायला ना!"

आता सांगा, या बाईला काय समजवायचं? मी आपला धुरात डोळे चोळत चुलीवरच्या भाकरी खात होतो आणि मनातल्या मनात मोहिमेचा प्रमुख झालो होतो.

आणि साहेब आले. सोबत त्यांचं जुनं, पितळी होकायंत्र. आम्ही नाल्यात उतरलो, बांधावर बबनभाऊ आणि अर्धं गाव. साहेबांनी खडकावर यंत्र धरलं.

"उत्तर."

मी त्याच खडकावर माझं धरलं. "आग्नेय, साहेब."

"काय म्हणता?" त्यांनी माझं यंत्र घेतलं. "उत्तर." त्यांचं माझ्या हातात दिलं.

"आग्नेय..."

साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमच्या अंगावर लोखंड काय काय आहे?"

हातोडा ठेवला. आग्नेय. किल्ल्या ठेवल्या. आग्नेय. कमरेचा पट्टा काढला, त्याचं बक्कल भलंमोठं होतं. आग्नेय! बूट काढले, त्यात लोखंडी टोक असतं. आता चित्र बघा डोळ्यांसमोर: पायात मोजे, एका हातानं पँट धरलेली, दुसऱ्या हातात होकायंत्र, आणि बांधावरून बबनभाऊ विचारताहेत, "साहेब, गॅसले कपडे चालत नाई का?"

पँट सावरताना बाही वर गेली आणि साहेबांना ते कडं दिसलं.

"हे काय आहे?"

"बीपीचं आहे, साहेब. चुंबकाचं."

चुंबकाचं! तो शब्द मी स्वतःच्या तोंडानं उच्चारला आणि मग मला ऐकू आला. साहेबांनी शांतपणे माझं मनगट धरून होकायंत्राभोवती फिरवलं. सुई त्याच्यामागं अशी फिरत होती, जशी गाईमागं वासरू. ते एका दगडावर बसले, चष्मा पुसला आणि पुणेरी थंडपणानं म्हणाले, "म्हणजे गजानन, इतके दिवस आपण आपल्या मनगटाचा नकाशा काढत होतात."

गेली मोहीम, झाल्या टाचण्या! मला तर भूकंप होऊन तिथंच गडप व्हावंसं वाटलं. लाज वाटली ती वाटलीच, पण खरं वाईट वाटलं ते मावशीचं. तिला काय सांगू?

जेवायला घरी आलो. मावशीनं साहेबांना रोडगे वाढले, वांग्याची भाजी वाढली, तुपाची धार धरली आणि विचारलं, "मंग, गॅस कधी येते?"

साहेब घास गिळून म्हणाले, "मावशी, सिलिंडर नोंदवा."

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. कड्याचंही. मावशीनं माझ्या ताटात आणखी एक रोडगा टाकला. मग म्हणाली, "पन बीपी उतरलं का नाई?"

साहेबांना ठसकाच लागला. पाण्याचा तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी निकाल दिला, "मुंबईत पाठवलं तर हा तिथल्या टाचण्याही ओढून घेईल. कडं काढून सगळं पुन्हा मोजा. पूर्ण होईपर्यंत इथून हलायचं नाही."

मावशीचा चेहरा असा उजळला! "सगळं पयल्यापासून? म्हंजे होळीपर्यंत रायतं तू? म्या म्हटलंच होतं, कडं गुनाचं हाय!"

होळीपर्यंत राहिलो. थर निमूट उत्तरेला कललेले निघाले, कढई नव्हतीच. इथं गाड्या आणू नका, हेही नकाशानं सांगावं लागतं, ते माझ्या दुसऱ्या नकाशानं सांगितलं. कंपनी दुसरीकडं वळली, बबनभाऊंनी बागेत बिडी पेटवली. पण तो हिवाळा! सकाळी बाग धुक्यात, मावशी चुलीपाशी, आणि संध्याकाळी माझे खिसे उलटे करून तीच विचारणा, "दगडं खाऊन जगतं का रे?" मी चाळिशीकडं झुकलेला माणूस, पण तिच्या अंगणात पुन्हा दहा वर्षांचा झालो होतो. तसे दिवस परत आले नाहीत.

साहेबांनी मात्र माझा पहिला नकाशा फाडला नाही. कार्यालयात भिंतीवर लावला आणि त्या नसलेल्या फुगवट्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मावशीचा डोंगर'. नव्या पोरांना आधी तो दाखवतात, मग सगळ्यांची मनगटं तपासतात. ही बातमी मावशीला कळली आणि तिनं गावभर केली: कंपनीनं माह्या नावाचा डोंगर काढला!

आता मावशी नाही. शेवटच्या दिवाळीला भेटलो तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "गजू, माहा डोंगर एकडाव दाखव ना रे मले."

खरं सांगायची माझी छाती होईना. म्हटलं, "मावशी, तो वर नाही दिसत. जमिनीच्या खाली असतो."

तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. माझ्या डाव्या मनगटाकडंही पाहिलं. आणि म्हणाली, "खाली हाय, मले दिसत नाई, साहेबाले दिसला नाई. मंग तुले एकट्यालेच कसा दिसला रे, बह्याडा?"