तिवराला खोबरेल

गुरुवारी सकाळी माझी दीडशे तिवरं माना टाकून उभी होती, आणि शनिवारी चेअरमनसाहेब ती दमणच्या खाडीत स्वतःच्या हातांनी लावणार होते.

मी झाडांचा माणूस. सिल्वासाच्या आसपासच्या कारखान्यांच्या बागा कॉन्ट्रॅक्टवर सांभाळतो. सायली गावातल्या या कापड कारखान्याला किनाऱ्यावर खारफुटी लावायची हौस आली, म्हणून मागच्या आवारात तिवराची रोपं वाढवली. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात उगवणारं झाड. रोपांना सवय व्हावी म्हणून हळूहळू मिठाचं पाणी द्यायचं. सगळं छान चाललं होतं. बुधवारपर्यंत.

प्लांट हेड देशपांडे पुण्याचे. कुंड्यांसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "समुद्राचं झाड आहे ना? मग मीठ वाढवा."

"साहेब, मीठ वाढवलं तर शनिवारी लोणचं लावावं लागेल."

"तुमचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय, लक्षात आहे ना?"

होतं. म्हणून तर मी गुडघ्यांवर बसून एकेक पान बघत होतो. पानं मलूल होती, पण चमकत होती. बोट फिरवलं. तेल. वास घेतला. खोबरेल.

हाउसकीपिंगच्या रमीलाबेनना बोलावलं. त्या खुशीतच आल्या.

"विझिट छे ने, साहेब. पानांवर पांढरी पांढरी डस्ट बसलेली. मी चार बायका लावल्या. पहिले कॉटन वेस्टने पुसलं, मग वरून खोबरेल. जुओ, कशी शाइन आली."

इतकं कौतुकाने सांगितलं की रागावता येईना. ती डस्ट नव्हती, मीठ होतं. खाऱ्या पाण्यातून पाणी ओढणं मुळांना जड जातं. नको असलेलं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतं. ते मीठ हवेतला ओलावा धरतं. दव पडतं, धुकं येतं, आणि पान ते पिऊन घेतं. थोडक्यात, हे झाड दोन तोंडांनी पितं. बेननी वरच्या तोंडाला तेलाचं बूच मारलं होतं.

त्याच चार बायकांकडून साबणाच्या पाण्याने पानं धुऊन घेतली. मुळांना गोडं पाणी दिलं, पण कुंडीतलं मीठ दोन दिवसांत निघत नाही. पानांवर फवारा मारला, तर एप्रिलच्या वाऱ्यात तो पाच मिनिटांत वाळला.

दमट हवा कुठे मिळणार? मी विव्हिंग शेडकडे बघितलं. तिथे सुती कापड विणतात आणि हवेत मशीनने बारीक ओलावा सोडतात. शेड पाटील मास्तरांची. माणूस जळगावचा.

"कुंड्या? माझ्या शेडमध्ये? कापडाला माती लागली तर तो डाग कोणाच्या नावावर टाकू, भो?"

"मास्तर, हवा कोरडी झाली की तुमच्या धाग्याचं काय होतं?"

"तुटतो."

"याचंही तेच झालंय. हे पानांनी हवेतलं पाणी पितं."

मास्तरांनी एक पान अंगठ्याने सूत तपासावं तसं तपासलं. "मंग सरळ सांगा ना, धाग्यासारखंच आहे म्हणून. कुंड्यांना प्लास्टिक बांधा अन् आणा."

देशपांड्यांना सांगायचं राहून गेलं. म्हणजे, मी राहू दिलं.

शनिवारी चेअरमनसाहेब आधी विव्हिंग शेडमध्येच शिरले. लूमच्या दोन रांगांमध्ये माझी तिवरं माना वर करून उभी.

"हे काय?"

देशपांड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"ग्रीन इनिशिएटिव्ह, सर," देशपांडे म्हणाले. डोळ्याची पापणीही लवली नाही. त्या क्षणी मला ते प्लांट हेड का आहेत हे कळलं.

नऊ रोपं गेली, बाकीची दुपारी खाडीत लागली. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. चेअरमनसाहेबांनी इतर शेडमध्येही झाडं ठेवायला सांगितली. त्या शेड कोरड्या ठणठणीत आणि अंधाऱ्या आहेत, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आहे.

एक मात्र शिकलो. कारखान्यात झाड सुकलं की मी आधी माती बघत नाही. आधी विचारतो, पाहुणे कोण येणार आहेत?