खवीस आणि भरतीचा सहावा भाग

गिऱ्हाईक पायरी चढलं की खवीस आधी पंखा बंद करायचा. माणूस उकाड्यानं हैराण होऊन लवकर निघून जावा, एवढाच हेतू. रोह्याच्या बाजारात त्याचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि अख्खं रोहा पाठीमागे त्याला खवीसच म्हणायचं. तोंडावर 'दादा'. मीही दादाच म्हणायचो, पण दात-ओठ खात. इतका तुसडा, इतका कुजका आणि जुनं उकरून काढणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

त्याच्या पायरीवर मी गेलो तो गाण्यांच्या नादानं. नव्वदीचं अर्धं दशक उलटलं होतं. मी डोलवीला कंत्राटी कामावर, राहायला पेणला. एकदा शिफ्ट सुटल्यावर वडखळला रिक्षात बसलो आणि रिक्षावाल्यानं एक झिजलेली कॅसेट लावली. 'भरती बेंजो पार्टी, भाग तीन'. हळदीची, वरातीची गाणी, आमच्याच बोलीतली. ऐंशीच्या दशकात ही पार्टी खाडीकाठच्या लग्नांतून वाजवत फिरायची आणि आम्ही शिकलेली पोरं नाकं मुरडायचो. त्या दिवशी तो बेंजो ऐकला आणि अंगावर काटाच आला. अरे, हे असलं आपल्या दारात वाजत होतं आणि आपण काय करत होतो! पेण आलं तरी मी उतरेना. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "कॅसेट घेऊन जा बाबा, पण उतर." मी घेऊनच उतरलो.

मग वेड लागलं. भरतीचे सहा भाग आहेत, असं ऐकलं होतं. पहिला मावशीच्या ट्रंकेत सापडला, दुसरा पेणच्या रद्दीवाल्याकडे, चौथा धरमतरला एका बार्जवरच्या खलाशानं दिला. पाचव्यात कुणीतरी मधेच आपल्या पोराचं रडणं भरून ठेवलं होतं, तरी घेतला. सहावा मात्र कुठंच मिळेना. पेणचा कॅसेटवाला म्हणाला, "सहावा बाजारात आलाच नाय. त्याच्या आधीच पार्टी मोडली. असलीच तर एक कॅसेट बेंजोवाल्याकडं असंल. तो रोह्याला टेप दुरुस्त करतो. पण जाऊ नको, चावतो."

मी गेलो. पंखा बंद झाला.

"सहावा पायजे? आनि वाजवत व्हतो तवा कुठं व्हतास?"

"तेव्हा लहान होतो, दादा."

"लहान? मिशी फुटलेली व्हती तुला! कासूच्या हळदीत 'बंद करा हा गोंगाट' असं कोण वरडला?"

कासू आमचं गाव, आणि ती माझ्या मोठ्या भावाची हळद. नवऱ्याला हळद लावून होईपर्यंत आमच्यात वाजप थांबवत नाहीत. मधेच थांबवणं म्हणजे वाजवणाऱ्याला दारातून हाकलणं. मी पेणहून कॉलेजचे मित्र आणले होते. त्यांच्यासमोर लाज वाटली म्हणून भर हळदीत पार्टी बंद पाडली आणि डेकवर हिंदी गाणी लावली. इतक्या वर्षांनी या माणसानं माझं तोंड ओळखावं! मी धडधडीत खोटं बोललो, "मी नाही तो."

"तूच," तो म्हणाला आणि खाली मान घालून कामाला लागला.

पण मीही चिवट. दर रविवारी पेणहून गाडी पकडून रोहा गाठायचो. निमित्त म्हणून घरातला धडधाकट टेप न्यायचो. तो उघडून बघायचा आणि म्हणायचा, "टेप बरा हाय. मालक बिघडलाय." मी एकट्यानंच हे सोसलं असंही नाही. एक बाई तक्रार घेऊन आली, रेडिओचा आवाज येत नाही. "मंग बरंच हाय की गो, घरात कुणी तरी गप हाय!" बाई रागानं लाल. पण रेडिओ असा दुरुस्त करून दिला की तिला परत यावं लागलं नाही. त्यालाही ते नकोच असणार.

एकदा मी लाडीगोडी लावायला गेलो. म्हटलं, "दादा, तिसऱ्या भागात तुमचा बेंजो काय वाजलाय!"

"तिसऱ्यात सूर उतरलाय. येवढंबी कळत नाय आनि जमवतोय."

वर्षभरानं, एका दुपारी, काय मनात आलं कोण जाणे. खणातून कॅसेट काढली. "बस. येकदा लावतो. आयक आनि चालता हो. भरून देनार नाय." मी तयारीतच होतो. मित्रानं दुबईहून आणलेला छोटा रेकॉर्डर कापडी पिशवीत घालून महिनोन्‌महिने वागवत होतो. पिशवी काउंटरवर ठेवली आणि आत हात घालून बटण दाबलं. गाणं सुरू झालं आणि या गृहस्थाचं तोंडही. "ढोलकीवाला बग, पिऊन आलेला." "ही बाय खोकतेय, आयकलास?" "हितं मी चुकलो." एक ओळ धड ऐकू दिली असेल तर शपथ! पुढं तर, "जा, समोरून चा आन." चहा घेऊन आलो तोवर गाणं आटोपलं होतं. "झाला. नीघ."

घरी येऊन दहा मिनिटं ऐकलं. नुसती त्याची कटकट. वर्षभर खेटे घालून ही कमाई! माझं टाळकंच सटकलं. कॅसेट खणात भिरकावली, 'जा उडत' म्हटलं आणि रोह्याचं नाव टाकलं.

दीड वर्षानं पेणच्या कॅसेटवाल्यानं सांगितलं, खवीस गेला. झोपेतच. मुलानं दुकान रिकामं केलं, कॅसेटी पोत्यात भरून भंगारात दिल्या. सहावाही त्यातच गेला.

घरी येऊन खण उघडला. सहाव्या भागाचं आता जगात एवढंच उरलं होतं, म्हणून दात-ओठ खात ऐकत बसलो. खोकणारी बाई, पिऊन आलेला ढोलकीवाला, "जा, चा आन", माझ्या चपला पायरी उतरताना. आणि मग खवीस गप्प झाला. पिशवी सरकल्याचा आवाज. कुणीतरी ती ओढत ओढत स्पीकरपाशी नेली होती. कॅसेट मागं फिरवल्याची घरघर. गाणं नव्यानं सुरू झालं, एकदम मोठं, लख्ख. नुसता बेंजो, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मधे एक अक्षर नाही. संपल्यावर अगदी जवळून त्याचा आवाज आला:

"चोरायचं तर नीट चोर, मेल्या."

मग लांबून मी, "दादा, चहा."

"झाला. नीघ."

मी त्याला कचकचीत शिवी घातली आणि हुंदके देत रडलो. दीड वर्ष ही कॅसेट माझ्या खणात पडून होती. तेव्हा तो जिवंत होता आणि पेणहून रोह्याला गाडी रोज जात होती.