धोंडुबाईंच्या टाकीतली अ‍ॅमेझॉन

धोंडुबाईंचा जन्म गेला कागलजवळच्या खेड्यात, म्हशींच्या गोठ्यात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शेणामुतात उतरायला बंदी केली. म्हशी भावकीतल्या एकाच्या गोठ्यात गेल्या आणि धोंडुबाई कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटवर, मुलाकडे राहायला आल्या. मुलगा विश्वजित कारखान्यात इंजिनिअर, सून अस्मिता शाळेत भूगोलाची शिक्षिका. दोघं सकाळीच बाहेर पडायची. मग धोंडुबाई गॅलरीत उभ्या राहून रस्ता बघायच्या, टीव्ही लावायच्या, बंद करायच्या. पहाटे चारला जाग यायची आणि धार काढायला दावणीला कुणीच नसायचं.

शेजारच्या कुटुंबाची बदली झाली. जाताना त्यांनी माशांची चार फुटी काचेची टाकी जिन्याजवळ सोडून दिली. विश्वजित ती भंगारात द्यायला निघाला, तर धोंडुबाईंनी टाकीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. मी मासं पाळनार हाय."

विश्वजितला वाटलं, चार दिवसांची हौस असेल. पण दुसऱ्याच दिवशी धोंडुबाई रिक्षा करून एकट्या माशांच्या दुकानात जाऊन धडकल्या. दुकान नृसिंह नावाच्या नेसरीकडच्या तरुणाचं. त्यांनी बोट दाखवायला सुरुवात केली, हा सोनेरी दे, तो काळ्या पट्ट्यांचा दे, ती लांब शेपटीची दे. नृसिंहनं जाळी हातातच धरली नाही. सोनेरी माशाला गार पाणी लागतं, पट्टेवाला दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो, हे सगळे एका टाकीत नांदणार नाहीत, असं त्यानं समजावून सांगितलं.

दुसरं कुणी असतं तर हिरमुसलं असतं. धोंडुबाईंचे डोळे लकाकले. कुठली म्हैस कुणाशेजारी बांधायची, कुणाची शिंगं कुणाला लागतात, कोण दुसरीच्या पाटीत तोंड घालते, याच हिशेबात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. मग नांदणारे कोण ते सांग, म्हणाल्या.

नृसिंहनं त्यांना कोपऱ्यातल्या टाकीपाशी नेलं. आत बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे मासे थव्यानं फिरत होते. पाठीवर विजेसारखी निळी रेघ, खाली कुंकवासारखा लाल रंग. कार्डिनल टेट्रा. दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या बाजूचे, असं तो म्हणाला. एकाच मुलखातल्या माशांची टाकी करायचं त्याच्या फार दिवस मनात होतं, पण गिऱ्हाईक सगळं मिसळूनच मागायचं. धोंडुबाई तिथून लवकर उठल्याच नाहीत. उठल्या तेव्हा ठरलं होतं. टाकीत येईल तो त्याच मुलखातला.

टाकीतलं पाणी मुरून माशांना मानवेपर्यंत काही आठवडे मासे सोडायचे नाहीत, असं नृसिंहनं बजावलं होतं. धोंडुबाईंना तेवढा दम कुठला. त्यांनी घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. बोअरचं पाणी जड म्हणून नळाचंच, तेही भरून ठेवून निवळलेलं घ्यायचं. दुकानातून आणलेलं झाडाचं वाकडंतिकडं मूळ त्यांनी मोठ्या पातेल्यात उकळलं, टाकीत ठेवलं, आणि सकाळी बघतात तर पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. विश्वजित म्हणाला, टाकी खराब झाली. अस्मितानं मात्र मोबाईलवर सासूबाईंना तिकडच्या नदीचे फोटो दाखवले. पडक्या पानांनी काळपट तांबूस झालेलं पाणी, आणि त्यातच हे मासे. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या मैदानातल्या देशी बदामाची वाळकी पानं पिशवी भरून घेऊन आली. दोघींनी ती गॅलरीत बसून धुतली. लग्नानंतर इतका वेळ दोघी एकत्र बसल्याची ही पहिलीच वेळ, हे अस्मितानं नंतर विश्वजितला सांगितलं.

मग एकेक बिऱ्हाड यायला लागलं. आधी तळाला रेती हुंगत फिरणाऱ्या, मिशीवाल्या कोरी नावाच्या मासोळ्या. त्या घोळक्यानंच सुखी राहतात म्हणून घोळक्यानंच आणल्या. मग कार्डिनलचा थवा. त्या दिवशी धोंडुबाईंनी जेवणाचं ताट टाकीसमोर घेतलं आणि भाकरी हातातच राहिली. दुकानातला एंजलमासाही त्यांना फार आवडला होता, पंख पसरलेल्या पाखरासारखा. तो त्याच मुलखातला. पण मोठा झाला की कार्डिनल गिळतो, असं नृसिंह म्हणाला. धोंडुबाई त्या टाकीपुढे बराच वेळ थांबल्या आणि रिकाम्या हातानं घरी आल्या.

त्याच आठवड्यात विश्वजित कारखान्यातून येताना पिशवीत दोन मासे घेऊन आला. काळ्या अंगावर केशरी ठिपके, गुबगुबीत, आईकडे टकामका बघणारे. ऑस्कर. आईच्या नादाला आपणही लागलोय हे तिला कळावं म्हणून त्यानं दुसऱ्या एका दुकानातून मुद्दाम आणले होते. तेही अ‍ॅमेझॉनचेच, हे विचारून घेतलं होतं. तो पिशवी टाकीत सोडायला गेला तेव्हा धोंडुबाईंनी त्याचं मनगट धरलं. पिशवी उजेडात धरून त्या माशांचं तोंड बघत राहिल्या.

"याचं तोंड बघ की. माज्या कार्डिनलचा घास करंल ह्यो."

"आई, एकाच नदीतले हायत गं."

"एका गावातली समदी एका घरात ऱ्हातात व्हय?"

विश्वजितचा चेहरा उतरला. नृसिंहला फोन केला, त्यानंही तेच सांगितलं. ऑस्कर वीतभर होतो, तोंडात मावेल ते खातो. विश्वजित पिशवी घेऊन खाली उतरला. धोंडुबाईंना चुटपुट लागली, पोरगं हौसेनं आलं होतं. त्या गुडघा धरत लिफ्टनं खाली गेल्या आणि त्याच्या गाडीवर मागं बसल्या. दोघं मिळून ऑस्कर परत द्यायला गेली, आणि तिथून नृसिंहच्या दुकानात. आता तू निवड, मी बोलणार न्हाय, असं त्या मुलाला म्हणाल्या.

विश्वजितनं या खेपेला घाई केली नाही. किती वाढतो, काय खातो, पाणी किती कोमट लागतं, कुणाच्या वाट्याला जातो, सगळं विचारलं. शेवटी त्याच बाजूच्या, रॅम नावाच्या माशांच्या जोडीवर त्याचं बोट थांबलं. पिवळसर अंगावर निळ्या टिकल्या, डोळ्यावरून काळी रेघ, आणि आकार असा, की कार्डिनलला भ्यायचं कारण नाही. धोंडुबाईंनी तोंड बघितलं. बारीक होतं. त्यांनी मान हलवली.

ती जोडी टाकीत पडली आणि घराचं वेळापत्रक बदललं. विश्वजित बुटाचे बंद बांधता बांधता टाकीसमोर बसायचा. एका सकाळी त्यानंच हाक मारली. कोपऱ्यातल्या सपाट दगडावर राजगिऱ्यासारखी अंडी होती, आणि एवढासा रॅम अख्ख्या कार्डिनलच्या थव्याला हुसकावत होता. अस्मितानं शाळेत निघता निघता व्हिडिओ काढला. संध्याकाळी वरच्या मजल्यावरची माणसं बघायला आली, पण तोवर अंडी नाहीशी झाली होती. आईबापानंच खाल्ली असणार, पहिल्या खेपेला तसं होतं, असं नृसिंह म्हणाला. धोंडुबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. पहिलटकर म्हैसही कधी कधी रेडकाला पायाशी येऊ देत नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी टाकीला चादर लावून ठेवली, माणसांची ये-जा बंद केली. अंडी राहिली. मग दगडावर नुसती थरथर दिसायला लागली, आणि एके दिवशी त्या थरथरीला डोळे फुटले. पिल्लं उठली. एक इवलासा ढग बापाच्या मागोमाग तळावरून सरकत होता, मागं राहिलेलं पिल्लू बाप तोंडात धरून परत घोळक्यात आणून सोडत होता. विश्वजित कारखान्यात फोन करून म्हणाला, आज उशिरा येतो, घरी बाळं झाल्यात. पलीकडच्यानं अभिनंदन केलं, आणि ते दुरुस्त करायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

नृसिंह पिल्लांचं बारीक खाणं घेऊन धावत आला. टाकीसमोर उकिडवा बसला आणि काचेला नाक टेकवून पिल्लं बघायला लागला. मग म्हणाला, "आक्का, मला दुकानात हे अजून जमलेलं न्हाय."

"जमंल की," धोंडुबाई म्हणाल्या. "पर आदी सांग, ही वाढली की ठेवायची कुटं?"

नृसिंह म्हणाला, पिल्लांना दुसरी टाकी लागणार. अस्मिता तोपर्यंत दिवाणखान्यातला सोफा भिंतीपासून ओढायला लागली होती.