शुक्रवारचा बॅकअप

पैसे भरून तयार सेवा घ्यावी, असं आमच्या मॅनेजरचं म्हणणं होतं. मीच आडवा आलो. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे आणि तिथले संगणक मी सांभाळतो. कामाची माहिती सगळ्यांनी एका जागी लिहावी-वाचावी, म्हणून विकी हवी होती. "फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेऊ, आपल्याच मशीनवर ठेवू. आपला डेटा आपल्या हातात," मी म्हणालो. खरं म्हणजे पन्नाशीला आलेल्या मला अजून काही जमतं, हे दाखवायचं होतं.

विकी उभी राहिली, पण कुणी लिहीना. सांगितलं फक्त आमच्या मिस्त्रींनी, टाइप मी केलं. ते कराडकडचे, वीस वर्षं इथे चिलर दुरुस्त करून कायमचे घरी निघालेले. रोज जेवताना सांगायचे: कुठल्या इमारतीत व्हॉल्व्ह उलटा बसवलाय, कॉम्प्रेसरचा आवाज कसा झाला की हात लावायचा नाही. पान झालं की म्हणायचे, "खलास. फुडचं उद्या." जाताना त्यांनी विचारलं, "सायेब, खाली माझं नाव ऱ्हाईल न्हवं?"

"राहील की," मी म्हणालो.

मॅनेजर अधूनमधून विचारायचे, "बॅकअप चल रहा है ना?"

"चल रहा है, सर."

बॅकअप मी शुक्रवारी दुपारी लावला होता. इथली सुट्टी शुक्रवारची, आणि सुट्टीच्या दिवशी बॅकअप, ही पुण्यातल्या नोकरीपासूनची सवय. पण गुरुवारी वर्कशॉप बंद करताना वॉचमन मेन स्विच पाडून जातो. दर शनिवारी सकाळी ते मशीन मीच चालू करायचो, तरी शुक्रवारी ते बंदच असणार हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकही बॅकअप झाला नव्हता. मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये विकीची डिस्क गेली. तीन दिवस धडपडलो. ती नुसती टकटक करत राहिली. सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या, उकाड्याला दिल्या, वॉचमनवर ओरडलो. तो बिचारा सांगितलेलं काम करत होता.

त्याच आठवड्यात मिस्त्रींचा फोन आला. "पोरगी माहेराला आलीया. म्हनती, बाबा, तुमचं पान दाखवा. लिंक धाडा की."

"ते ऑफिसबाहेरून दिसत नाही हो, मिस्त्री."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त टोचलं. दोन दिवस धड जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला आणि सगळं सांगितलं: माझा हट्ट, शुक्रवार, मेन स्विच, मॅनेजरला न बघताच दिलेली ग्वाही.

"मेन पाडायला मीच शिकिवलं त्या वाचमनला," ते म्हणाले. "एकदा वायर जळाली व्हती. आता रडताय कशाला? वही घ्या. आन् ह्या खेपंला मॅनेजर सायबाला म्हनावं, पैसं भर बाबा."

मी वही घेतली. ते सांगू लागले, पण आधीसारखं सरसर येईना. "त्यो उलटा व्हॉल्व्ह... पर्लमधल्या बिल्डिंगीत. न्हाई, अल नस्र भागात. थांबा जरा."

मी थांबलो. त्यांना आठवेना. इमारतीच्या नावाची जागा मी कोरी सोडली.