उनाड गुरांच्या दिवसांत बाजरी

माझं माहेर घाटावरच्या कोरड्या मुलखातलं. तिथे बाजरी म्हणजे माणसाला भाकरी आणि जनावराला सरमाड, एका पेरणीत दोन्ही. लग्न होऊन कुडाळकडे आले, भातात रुळले, पण हे डोक्यातून गेलं नाही. यंदा म्हैस व्यायली आणि भाताचा पेंढा शिमग्यापुढे टिकेलसं दिसेना. भात काढून रिकाम्या पडलेल्या मळ्यात मी बाजरी पेरली. विहीर बांधालाच होती.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेतली. इथे भात घरात आलं की गावची गुरं मोकळी सुटतात. पावसापर्यंत ती उनाड. ज्याला काही पेरायचं असेल त्यानेच कुंपण सांभाळायचं.

"सगळो गाव सुको आणि तुझोच मळो हिरवो," सासूबाई म्हणाल्या. "गुरांका पत्रिका धाडलंस काय गो?"

काटेरी फांद्यांचं कुंपण मी घातलं होतं. तरी बाजरी निसवून कणसं बाहेर आल्यावर माझा पाय घरात ठरेना. पेज चुलीवर ठेवली की मळ्यात एक चक्कर, धुणं वाळत घालता घालता दुसरी. कणसं दुधात होती. दाणा भरेपर्यंत उभी राहिली तर भाकरी आणि वैरण, दोन्ही.

एका दुपारी शेजाऱ्यांची गाय आत दिसली. कोपऱ्यातली फांदी आडवी करून तिने एक पट्टा साफ केला होता. मी ओरडत धावले. शेजारी बांधावर आले.

"वैनी, ह्या दिवसांत गुरां उनाडच असतत. तुमची वंय कच्ची."

खरं होतं. कोपऱ्यातलं कुंपण मी एकेरीच घातलं होतं.

"आता भाकरी त्या गायच्या शेणातसून काढ," सासूबाई पडवीतून म्हणाल्या.

चव लागलेली गाय परत येणार, आणि एकटी येणार नाही. दाण्याची वाट बघत बसले तर वैरणही जाईल. मी कोयती घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळी बाजरी हिरवीच कापली, खाली वीतभर खुंट ठेवून. म्हशीने कणसांसकट खाल्ली.

"खुंट कित्याक ठेवलंस?"

"पाणी दिलं की पुन्हा फुटतात."

"पावसाआधी दाणो धरतलो?"

ते मलाही माहीत नव्हतं. सकाळी आधी कोपऱ्यात दुहेरी काटे बांधले, मग पंप सुरू केला. चहा त्यानंतर.