चादरीला खिडकी

१९ एप्रिल. सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर आलंय, वारा अजिबात नाही. दुकानाचं शटर हाताला चटके देतंय.

आमच्या दुकानातून ऑक्सिजनची मशिनं घरी वापरायला भाड्याने जातात. मशीन खोलीतली हवा आत ओढतं आणि त्यातला ऑक्सिजन नळीने पेशंटच्या नाकाला देतं. मी मशिनं दुरुस्त करतो, मुश्ताकभाई टेम्पोतून पोहोचवतात, सुनंदाताई फोन घेतात. सोलापुरात मशीनच्या जाळीत सुताचं तूस साठतं, तसे आमच्याकडे किस्से साठतात. झटकले तरी आठवड्यात पुन्हा थर! हसण्यासारखे पुष्कळ आहेत. पण हल्ली सांगायला घेतले की हसू मध्येच अडकतं.

*

उजनीच्या काठावरच्या गावातला एक केळीवाला. त्याने आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि समोर बसून बघितलं. ८६! पठ्ठ्याने पिकअप काढली, मागे गादी टाकली, गादीवर आई, आणि सोलापूरपर्यंत सुसाट! आई वाटभर ओरडतेय, "आरं, मला काय बी झालं न्हाय! चुलीवर दूध ठिवलंय!"

दुकानासमोर गाडी थांबवून तो सिलिंडर मागायला लागला. मुश्ताकभाई आईच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि बोटाकडे बघितलं. ९८! त्यातले इंग्रजी आकडे उलट्या बाजूने बघितले की ९८चं ८६ दिसतं.

"घरी चला," आई म्हणाली, "दूध करपलं असंल. आता त्याला लावा ते चिमटं!"

आम्ही पोट धरून हसलो. मग सुनंदाताई हळूच म्हणाल्या, "आणि खरंच ८६ असेल, आणि समोरच्याला ९८ दिसलं तर?"

*

अकलूजचे एक निवृत्त गुरुजी. नळी दबली की त्यांचं मशीन पीं-पीं करायचं. घरातला फ्रिजही, दार उघडं राहिलं की, अगदी तसाच पीं-पीं करायचा! एकदा नळी खुर्चीच्या पायाखाली आली. आवाज झाला. सून धावली, फ्रिजचं दार दाबलं. मुलगा धावला, फ्रिज पुढे ओढला. गुरुजी खुर्चीतून हातवारे करतायत, तिकडे कुणाचं लक्षच नाही! शेवटी त्यांनी स्वतःच वाकून नळी सोडवली आणि दम लागलेल्या आवाजात म्हणाले, "बापापेक्षा फ्रिजला जास्त जपता की रे!"

मशीन बनवणाऱ्या कंपनीला गुरुजींनी कळवलं, आवाज वेगळा करा. कंपनीने पुढच्या मॉडेलमध्ये आवाज कमी केला.

*

खंडेनवमीला सुनंदाताईंनी दुकानातल्या सगळ्या मशिनांना हळदी-कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. प्रत्येक हार बरोबर जाळीवर! चाचणीसाठी मशीन लावलं तर गुरगुरायला लागलं. मुश्ताकभाई म्हणाले, "ताई, इसको हार नको, हवा पाहिजे!"

ताईंनी हार काढले. पण पडलेला चेहरा दुपारपर्यंत तसाच. "ज्याच्यावर माणसाचा जीव, त्याला हार घालायला जागा नसावी होय?"

*

आता मल्लय्याकाकांचं सांगतो.

काकांचा जन्म यंत्रमागावर गेला; बारीक आवाज कानाला येत नाहीत. विड्या वळता वळता नरसम्माकाकूंची छाती गेली. म्हणून घरात आमचं मशीन. ते अधूनमधून बंद पडतंय म्हणून मी बघायला गेलो. मशीनवर कोरी करकरीत सोलापुरी चादर! चारी बाजूंनी खाली सोडलेली, नुसती नळी बाहेर. आमच्या गावाची रीतच आहे ती. टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, जे मोलाचं ते झाकायचं.

"काका, चादर काढा."

"उघडं कसं ठेवायचं हो? लोकाची वस्तू. धूळ बसती की!"

मी डाव्या बाजूची जाळी दाखवली. "इथून ते श्वास घेतं."

खाटेवरून काकू म्हणाल्या, "मिशनला नवी चादर आन् मला वाकळ! लगीन कुणाशी लावलंय ह्यांनी, इचारा!"

पुढच्या खेपेला गेलो तर चादर होतीच. पण डाव्या बाजूला, बरोबर जाळीएवढी खिडकी कापलेली. कडा चादरीच्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेल्या. "आता घेतंय का श्वास?" काकांनी विचारलं. मी खिडकीशी हात धरून बघितला. छान ओढत होतं.

कंपनीचा इंजिनिअर आला तेव्हा मी आणि मुश्ताकभाई त्याला तिथे घेऊन गेलो. म्हटलं, "साहेब, झाकलं तरी जाळी मोकळी राहील असं काहीतरी करा. लोक झाकणारच." त्याने चादरीचा फोटो काढला, हसला. "झाकू नये असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय की!"

मुश्ताकभाई म्हणाले, "साहेब, मॅन्युअल नाकाला लावून श्वास येतो काय?"

तोही हसला. चांगला मुलगा होता.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीच्या माणसांनी घरोघर जाऊन जुनी मशिनं उचलली आणि नवीन मॉडेल ठेवलं. सुबक, हलकं, आवाज सौम्य. जाळी उजवीकडे.

काकांनी त्याच्यावर तीच चादर घातली.

दुपारची वेळ. शेजारचे माग खडखडत होते. काकू झोपल्या होत्या, काका खाली सतरंजीवर पडले होते. मशीन तापलं, चादरीखाली बारीक आवाजात पीं-पीं करत राहिलं आणि बंद पडलं. काका चहाला उठले तेव्हा काकूंचे ओठ निळे झाले होते. मुश्ताकभाई सिलिंडर घेऊन पोहोचले, तसंच टेम्पोत घालून काकूंना दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू गेल्या. कंपनीच्या तपासणीत निघालं: मशीनमध्ये दोष नाही, वापरणाऱ्याची चूक.

आज दुकान उघडत होतो तेव्हा मल्लय्याकाका रिक्षातून उतरले. मशीन परत आणलं होतं, चादरीसकट.

"चादर राहू द्या," ते म्हणाले. "दुसऱ्या पेशंटला लागंल."

सुनंदाताईंनी त्यांना पाणी दिलं. ते अर्धं प्यायले आणि त्याच रिक्षाने गेले.

चादर धुतलेली होती. डावीकडची खिडकी होतीच. उजवीकडे दुसरी कापली होती. कडा चादरीच्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेल्या.