झटका अक्कांची दोरी

ओले कपडे घरात, पंख्याखाली वाळवता ना तुम्ही? मग खरं सांगा, उन्हानं तुमचं काय घोडं मारलंय?

प्रश्न मूळचा आमच्या चाळीतल्या झटका अक्कांचा. त्या तो इतक्या मोठ्यानं विचारायच्या की तीन घरं पलीकडचा माणूसही आपलंच काही चुकलं असं समजून उठून उभा राहायचा. पाहुण्यांना वाटे, बाईंना कधीतरी विजेचा झटका बसला असणार. तसं नव्हतं. पिळलेला कपडा दोन्ही हातांत धरून त्या असा झटकत की फटाक्यासारखा आवाज होई आणि समोरची भिंत भिजे. "निम्मं काम झटक्यातच व्हतं," त्या म्हणत. "उरल्यालं वारा करतो. मधी ईज कशाला?"

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याची आमची चाळ. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गळीत हंगाम सुरू झाला की धुराड्यातून जळक्या भुशाची राख उडायची आणि बाहेर घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे तीळ पेरले जायचे. म्हणून चाळीचे कपडे घरातच वाळत. ऐन थंडीत दिवसभर पंखे फिरत. कुणी पेटत्या कॉइलच्या शेगडीवर मोजे धरी, कुणी ओल्याच पँटवर इस्त्री फिरवी. वीज कारखान्याची, जपणार कोण? संध्याकाळी दिवे मिणमिणत, आणि फ्यूज उडाला की पोरांचा अभ्यास बुडे.

अक्का माहेरच्या वरकुट्याच्या. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेल्या, त्यामुळे वाऱ्याशी त्यांची घरची ओळख. त्यांनी तोड काढली. "धूर नदीकडं हाय तवर कापडं भाईर. धूर फिरला की आत." मागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांची मिळून एक लांब दोरी बांधायची. जिला दिसेल तिनं "धूर फिरलाऽऽ!" म्हणून ओरडायचं आणि जवळ असेल तिनं सगळ्यांचे कपडे ओढायचे.

दोरीचं एक टोक अक्कांच्या दारच्या लिंबाला. दुसऱ्या टोकासाठी भक्कम लोखंडी कडी एकाच भिंतीला होती. आमच्या.

"त्यांच्या भिंतीला नगं," शेजारच्या टर्नरीणबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान तात्या कारखान्यात लेथवरचे टर्नर होते. आम्ही बौद्ध. 'त्यांच्या' या शब्दाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी कॉलेजात होते, वडिलांनी आणलेली पत्रकं वाचत वाढलेली. तडक निषेधाचं पत्रक लिहायला बसले. अक्का दारात आल्या.

"ल्ही बाई, ल्ही. पर आदी भाईर ये आन् हे टोक धर. तुजं पत्रक छापून यीस्तवर माजी धा लुगडी वाळतील."

मग टर्नरीणबाईंकडे वळल्या. "नगं आसंल तर नगा घालू. पर दोरी ह्याच भिंतीला. दुसरीकडं बांधली, तर माजं लुगडंबी तिच्यावर पडायचं न्हाय."

कडीला गाठ मी मारली. आयुष्यातली माझी पहिली चळवळ म्हणाल तर ती.

टर्नरीणबाईंचे कपडे काही दिवस पंख्याखालीच दमट वास मारत राहिले. शेवटी तात्यांनीच वैतागून आपला खाकी ड्रेस गुपचूप दोरीवर टाकला. त्याच दुपारी धूर फिरला. अक्कांनी धावत जाऊन सगळं ओढलं आणि घरोघर वाटलं. सगळ्या कामगारांचं खाकी कापड एक, शिंपी एक. शिफ्टच्या घाईत जे हाती आलं ते ज्यानं त्यानं चढवलं.

शिफ्ट सुटल्यावर चाळीच्या तोंडाशी माझे वडील दिसले, पँट तीनदा दुमडलेली. त्यांच्यामागं उंचेपुरे तात्या, त्यांच्या नडग्या उघड्या. बाया आधी हसल्या. मग सगळ्यांची नजर टर्नरीणबाईंवर.

अक्कांनी मात्र मोठ्यानं विचारलं, "काय वो तात्या, अंगाला खाज सुटली का?"

तात्यांनी खाली वाकून पायांकडे पाहिलं. "खाज न्हाय वो अक्का. निस्तं घोट्याला गार लागतंय."

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते माझे वडील. दुसऱ्या दिवशी टर्नरीणबाईंची बादली बाहेर आली. कपडे त्यांनी आमच्यापासून लांबच्या टोकाला घातले. मला ते टोचलं. अक्का म्हणाल्या, "घालू दे. दोरी तर येकच हाय का न्हाय?"

पुढं काही वर्षांनी अक्कांचे यजमान निवृत्त झाले आणि त्यांनी वरकुट्याजवळ घर बांधलं. सामान टेम्पोत चढलं. दोरी अक्कांच्या पैशाची होती, म्हणून त्या गाठ सोडायला आल्या. टर्नरीणबाईंनी त्यांचा हात धरला.

"अक्का, ऱ्हाऊ द्या."

"का गं? पंखा बिघडला व्हय तुजा?"

"चेष्टा नगा करू. दोरी ऱ्हाऊ द्या."

"आन् मी गेल्यावर धूर फिरला तर हाक कुणाला मारशील?"

टर्नरीणबाई आमच्या दाराकडे वळल्या. माझी आई उंबऱ्यात उभी होती. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती.

"ह्या वैनी हायत की," त्या म्हणाल्या.

अक्कांनी गाठ सोडली नाही. उलट आणखी आवळली आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

म्हणून सांगते, नुसतं वाचून ठेवू नका. पंखा बंद करा आणि बाजारातून चांगली लांब दोरी आणा. एक टोक आपल्या दारी बांधा. दुसऱ्यासाठी, ज्या घराचं पाणी तुम्ही आजवर प्यायला नाहीत, त्या घराची कडी वाजवा. आजच वाजवा.